शंका-समाधान : चमकणारी जोडी वर, न चमकणारी खाली

मागच्या अंकातल्या क्वांटम डॉटवरच्या, म्हणजे काही नॅनोमीटरच्या अर्धवाहक कणांवरच्या, लेखात ‘इलेक्ट्रॉन-होल एक्स्चेंजमुळे पातळी फुटते’ एवढंच एक वाक्य होतं आणि पुढे काही खुलासा नव्हता. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न थोडे आटोपशीर करून इथे घेतले आहेत. ऊर्जा सगळीकडे इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये, म्हणजे ईव्हीमध्ये दिली आहे. मिली-ईव्ही हा त्याचा हजारावा भाग आणि मायक्रो-ईव्ही दहा लाखावा.

प्रश्न : एक्स्चेंज, म्हणजे कणांच्या अदलाबदलीमुळे ऊर्जेत पडणारा फरक, सारख्या कणांमध्ये असतं. इलेक्ट्रॉन आणि होल तर वेगळे. त्यांच्यातलं कूलॉम्बचं आकर्षण आपण आधीच धरलेलं असतं. मग हे आणखी काय आहे?
(एम.एस्सी.चा विद्यार्थी, सदाशिव पेठ)

होल हा हिशेबाच्या सोयीसाठी मानलेला कण आहे. बालगंधर्वला हाऊसफुल्ल प्रयोगात एकच खुर्ची रिकामी असेल, तर सगळे प्रेक्षक मोजत बसण्यापेक्षा ती खुर्ची कुठे आहे ते सांगणं सोपं. व्हॅलन्स बँडचंही, म्हणजे इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या खालच्या पट्ट्याचंही, तसंच. खरे आहेत ते इलेक्ट्रॉनच : एक वर कंडक्शन बँडमध्ये, म्हणजे वरच्या रिकाम्या पट्ट्यात, गेलेला, बाकीचे खाली उरलेले. एक्स्चेंज आहे ते या वरच्या आणि खालच्यांमध्ये.

आता खालचा एक इलेक्ट्रॉन उचलल्यावर काय काय गमावलं ते पाहा. एक, वरच्या इलेक्ट्रॉनला त्याच्याकडून होणारं प्रतिकर्षण गेलं. प्रतिकर्षण कमी झालं म्हणजे ऊर्जा उतरली. हेच आपण ‘होलचं आकर्षण’ म्हणून लिहितो. दोन, समान स्पिनच्या इलेक्ट्रॉनांमध्ये एक्स्चेंजमुळे ऊर्जा उतरत असते. निघून गेलेल्याचा स्पिन वरच्याच्या स्पिनसारखाच असेल, तर तो फायदाही बुडाला, म्हणजे ऊर्जा चढली. स्पिन उलट असेल तर बुडायला काही नव्हतंच. इलेक्ट्रॉन-होल एक्स्चेंज म्हणतात ते हे दुसरं. ते ऊर्जा वाढवतं, कमी करत नाही. पाठ्यपुस्तकं वाचून नेमका इथेच गोंधळ होतो.

चार स्पिन-जोड्यांचा पूर्ण हिशेब मांडला, तर तिन्ही ट्रिप्लेट (एकूण स्पिन १) अवस्थांना एक्स्चेंज लागत नाही आणि एकट्या सिंगलेटला (एकूण स्पिन ०) दोन ‘के’ एवढा लागतो. ‘के’ म्हणजे एक्स्चेंज समाकल. हाच समाकल दुसऱ्या बाजूनेही वाचता येतो. इलेक्ट्रॉन होलमध्ये पडतो, जोडी नाहीशी होते आणि त्याच ऊर्जेची जोडी दुसरीकडे, किंवा त्याच जागी, पुन्हा तयार होते. पडायचं तर रिकाम्या जागेचा स्पिन जुळायला हवा, म्हणून हे फक्त सिंगलेटला जमतं. फोटॉन बाहेर टाकायलाही अट तीच. त्यामुळे प्रकाश देऊ शकणाऱ्या जोडीलाच एक्स्चेंजचा भुर्दंड बसतो आणि ती वर जाते. प्रकाश न देणारी, म्हणजे डार्क, खाली राहते.

अणूतलं उदाहरण हवं असेल तर हेलियम घ्या. पहिल्या उत्तेजित विन्यासात ट्रिप्लेट १९.८२ ईव्हीवर आणि सिंगलेट २०.६२ ईव्हीवर आहे. मधलं ०.८ ईव्ही अंतर एक्स्चेंजचं. हायझेनबर्गने १९२६ मध्ये उलगडलं ते हेच कोडं.

जीडब्ल्यू-बीएसई या, इलेक्ट्रॉन-होल जोडीची ऊर्जा काढायच्या, पद्धतीने गणित करणाऱ्यांसाठी एक सूचना. आकर्षणाच्या पदात माध्यमाने झाकलेलं, म्हणजे स्क्रीन केलेलं, कूलॉम्ब वापरायचं आणि एक्स्चेंजच्या पदात उघडं. दोन्हीकडे स्क्रीन केलेलं घातलं, तर डार्क-ब्राइट अंतर फसवं लहान येतं.

प्रश्न : हे अंतर आकड्यांत किती? मोजण्याइतकं असतं का?
(औंध)

पदार्थागणिक फार फरक पडतो. गॅलियम आर्सेनाइडच्या मोठ्या स्फटिकात एक्सायटॉनची, म्हणजे बांधलेल्या इलेक्ट्रॉन-होल जोडीची, बंधनऊर्जा सुमारे ४.२ मिली-ईव्ही आहे, पण एक्स्चेंज २० मायक्रो-ईव्हीच्या आसपास, म्हणजे दोनशेवा हिस्सा. कॅडमियम सेलेनाइडच्या मोठ्या स्फटिकात ते ०.१३ मिली-ईव्ही आहे. त्याच पदार्थाचे दोन-तीन नॅनोमीटर त्रिज्येचे स्फटिक केले की काही मिली-ईव्ही होतं. टेट्रासीनसारख्या सेंद्रिय रेणूत सिंगलेट २.३ ईव्हीवर आणि ट्रिप्लेट १.२५ ईव्हीवर, म्हणजे तब्बल एक ईव्हीचं अंतर.

कारण साधं आहे. एक्स्चेंजचा लघुपल्ल्याचा भाग इलेक्ट्रॉन आणि होल एकाच युनिट सेलमध्ये सापडण्याच्या शक्यतेवर चालतो आणि ही शक्यता आकारमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. त्रिज्या निम्मी केली की एक्स्चेंज साधारण आठपट. अगदी लहान स्फटिकांत हा नियम तंतोतंत चालत नाही, कारण तिथे क्रिस्टल फील्डमुळे, म्हणजे स्फटिकाच्या अंतर्गत रचनेमुळे, पडणारी फूटही तोडीस तोड असते. दीर्घपल्ल्याचा भाग द्विध्रुवांच्या परस्परक्रियेसारखा वागतो आणि डॉटच्या आकारावर अवलंबून असतो. तो पुढच्या एका प्रश्नात येईल.

प्रश्न : कॅडमियम सेलेनाइडच्या नॅनोस्फटिकांचा प्रकाश ४ केल्व्हिनला मायक्रोसेकंदभर टिकायला हवा. आम्हाला ८० ते १०० नॅनोसेकंदच मिळतात आणि वक्र एका घातांकात बसत नाही. कुठे चुकतंय?
(संशोधक विद्यार्थिनी, पाषाण)

आधी अपेक्षा आकड्यात मांडू. इथे इलेक्ट्रॉनचा कोनीय संवेग १/२ आणि होलचा ३/२. त्यामुळे खालची पातळी अधिक-उणे २ची. एक फोटॉन एकच एकक नेऊ शकतो, म्हणून ही डार्क. वरची अधिक-उणे १ची, ती ब्राइट. दोन्ही दुहेरी. रसायनशास्त्रज्ञ मौंगी बावेंडी यांच्या गटाने १९९५ मध्ये हा डार्क एक्सायटॉन दाखवला.

समजा मधलं अंतर ४ मिली-ईव्ही, ब्राइटचं आयुष्य १० नॅनोसेकंद, डार्कचं १ मायक्रोसेकंद आणि दोन्हींत औष्णिक समतोल. बोल्ट्झमनच्या वजनाने सरासरी दर काढला, तर ४ केल्व्हिनला आयुष्य १ मायक्रोसेकंद येतं, २० केल्व्हिनला सुमारे १०० नॅनोसेकंद आणि ३०० केल्व्हिनला सुमारे २१. खोलीच्या तापमानाला १० न येता त्याच्या दुप्पट का? कारण अर्धी लोकसंख्या कायम डार्कमध्ये अडकलेली असते.

आता तुमचे ८० ते १०० नॅनोसेकंद पाहा. या गणितात ते २०-२२ केल्व्हिनचे आहेत. पहिला संशय तापमानावरच घ्या. सेन्सर कोल्ड फिंगरवर आणि नमुना मिलिमीटरभर जाड काचेवर असेल, तर पडद्यावर ४ दिसतं आणि नमुना वीसवर असतो. काचेऐवजी पातळ नीलमाची चकती घ्या, खाली इंडियमचा पत्रा किंवा क्रायोजेनिक ग्रीस लावा आणि दुसरा सिलिकॉन डायोड नमुन्याशेजारी त्याच चकतीवर बसवा.

दुसरा संशय लेसरच्या पुनरावृत्तीवर. १ मेगाहर्ट्झला दोन स्पंदांमध्ये एकच मायक्रोसेकंद मिळतो. तेवढ्यात ३७ टक्के डार्क लोकसंख्या शिल्लक असते आणि ती पुढच्या स्पंदाच्या वक्राखाली सपाट तळ म्हणून दिसते. तो तळ ‘बॅकग्राउंड’ समजून वजा केला की लांब शेपटी गेली आणि आयुष्य तोकडं झालं. ही चूक फार ठिकाणी होते. १०० किलोहर्ट्झवर या. बॅकग्राउंड हवं असेल तर लेसर झाकून वेगळं मोजा. मोजणीचा दर लेसरच्या दराच्या एक-दोन टक्क्यांपलीकडे जाऊ देऊ नका, नाहीतर डिटेक्टर आधी आलेलेच फोटॉन पकडत राहतो आणि वक्र आणखी आखूड होतो. तीव्रता इतकी कमी ठेवा की दर स्पंदाला दर स्फटिकामागे सरासरी ०.१ पेक्षा कमी एक्सायटॉन पडतील. एका स्फटिकात दोन पडले की ओझे (Auger) प्रक्रियेने, म्हणजे आपली ऊर्जा दुसऱ्याला देऊन, एक झटपट मरतो.

नमुनाही तपासा. दाट थरात लहान स्फटिकांची ऊर्जा शेजारच्या मोठ्यांकडे पळते. टोल्युइनमध्ये पीएमएमए (पारदर्शक प्लॅस्टिक) विरघळवून त्यात स्फटिक अगदी विरळ ठेवा आणि स्पिन कोटिंग करा. थंड करण्याआधी निर्वात १०⁻⁵ मिलिबारपर्यंत न्या, नाहीतर शिल्लक वाफ नमुन्यावरच बर्फ होऊन बसते. आपल्याकडे पावसाळ्यात क्रायोस्टॅटची बाहेरची खिडकीही धुरकटते. कोरड्या नायट्रोजनची बारीक धार तिच्यावर सोडून ठेवा.

हे सगळं करूनही सुरुवातीला एक जलद घटक राहीलच. तो खरा आहे : ब्राइटमधून डार्कमध्ये उतरतानाचा. शिवाय आकारांची विविधता आहे, म्हणून एका घातांकाचा हट्ट नको. तापमानाच्या आलेखातून निघणारी सक्रियण ऊर्जा थेट एक्स्चेंजचं अंतर म्हणून छापू नका. बऱ्याचदा तिथे १-२ मिली-ईव्हीच्या ध्वनिक फोनॉनची, म्हणजे स्फटिकाच्या कंपनाची, ऊर्जा हाती लागते. पडताळा चुंबकीय क्षेत्राने घ्या. काही टेस्लात डार्कमध्ये ब्राइट मिसळते, आयुष्य घटतं आणि २६ मिली-ईव्ही खाली असलेल्या फोनॉन-प्रतिकृतीच्या तुलनेत मुख्य रेषा उजळते. क्षेत्राने आयुष्य बदललंच नाही, तर तुम्ही पाहताय तो डार्क एक्सायटॉन नसून पृष्ठभागावरचा सापळा असण्याची शक्यता जास्त.

प्रश्न : यातलं काही शाळेच्या प्रयोगशाळेत दाखवता येईल का? रेडियमचे स्टिकर चालतील?
(विज्ञान शिक्षिका, हडपसर)

स्टिकर नकोत. त्यात रेडियमही नसतं आणि ट्रिप्लेटही नाही. ते बहुधा युरोपियम घातलेलं स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट असतं. त्यात वाहक सापळ्यांत अडकतात आणि तासन्‌तास हळूहळू सुटतात.

बोरिक अॅसिडची काच मात्र करून पाहा. १९४१ मध्ये लुइस, लिपकिन आणि मॅगेल यांनी ट्रिप्लेटचा माग काढायला हेच मिश्रण वापरलं होतं. बोरिक पावडर ५ ग्रॅम घ्या, केमिस्टकडची शुद्ध. कॅरमच्या पावडरीत भेसळ असू शकते. त्यात फ्लुओरेसीन सुईच्या टोकावर मावेल एवढं, १-२ मिलिग्रॅम. कोरडं नीट खलून बोरोसिलिकेट परीक्षानळीत मंद आचेवर धरा. पाणी सुटून फेस येतो, मग हळूहळू पारदर्शक पिवळसर रस होतो. काचकांडीने तो फरशीच्या तुकड्यावर पातळ पसरा. निवला की अंधार करून ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च किंवा कॅमेऱ्याचा फ्लॅश मारा. प्रकाश बंद झाल्यावरही काही सेकंद तेज राहतं.

तापमान बदलून पाहिल्याशिवाय प्रयोग आटोपू नका, कारण गंमत तिथेच आहे. तुकडा गरम असताना तेज निळसर दिसतं, बर्फात थंड केल्यावर पिवळसरपणा वाढतो. गरम असताना ट्रिप्लेटमधून उष्णतेच्या जोरावर सिंगलेटमध्ये चढून प्रकाश येतो, थंड असताना तो थेट ट्रिप्लेटमधून येतो. दोन रंगांमधलं अंतर म्हणजे सिंगलेट आणि ट्रिप्लेटमधलं अंतर, म्हणजेच मुळात एक्स्चेंज. ते असं डोळ्यांनी दिसण्याच्या जागा फार थोड्या.

रंग जास्त पडला तर तेज मरतं. आच जास्त झाली तर रंग करपून रस तपकिरी होतो. उघड्यावर ठेवलं तर दमटपणाने काच दुधाळ होते आणि तेज जातं. जुलैत तर लवकरच, म्हणून तुकडे सिलिका जेलच्या पुडीसह डबीत ठेवा. तापवण्याचं काम शिक्षकांनीच करावं : चष्मा घालून, खिडक्या उघडून. बोरिक अॅसिड पोटात जाऊ देऊ नका. नळी गरम पाण्याने साफ होते.

प्रश्न : इंडियम आर्सेनाइडच्या एकेका डॉटचा वर्णपट ९३० नॅनोमीटरला घेतो. स्पेक्ट्रोमीटरचं विभेदन ३० मायक्रो-ईव्ही आहे आणि ब्राइट जोडीतली फूट १० च्या आसपास असावी. मोजता येईल?
(संशोधक, गणेशखिंड)

येईल. दोन रेषा वेगळ्या दिसायची गरज नाही. त्या एकमेकींना लंब अशा रेषीय ध्रुवणाच्या आहेत. ध्रुवण फिरवलं की शिखराचा मध्य एकीकडून दुसरीकडे सरकतो, आणि चांगल्या सिग्नलमध्ये मध्य १-२ मायक्रो-ईव्हीपर्यंत बांधता येतो.

अर्ध-तरंग पट्टी आधी, स्थिर पोलरायझर नंतर, या क्रमाने ठेवा. म्हणजे ग्रेटिंगला कायम एकच ध्रुवण दिसतं आणि तिच्या ध्रुवणानुसार बदलणाऱ्या कार्यक्षमतेची लुडबूड टळते. पट्टी ५ अंशांच्या पायऱ्यांनी १८० अंश फिरवा आणि प्रत्येक वर्णपटात शिखर बसवून मध्य काढा. पट्टीच्या दर ९० अंशांना एक पूर्ण लहर दिसायला हवी. तिची तळापासून माथ्यापर्यंतची उंची म्हणजे फूट.

लहर ३६० अंशांत एकदाच येत असेल तर ती डॉटची नाही. पट्टी किंचित तिरकी बसल्यामुळे किरण स्लिटवर सरकतोय. याची खूण ट्रायॉनच्या, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन आणि एक होल यांच्या, रेषेत मिळते. ट्रायॉनमध्ये दोन इलेक्ट्रॉन सिंगलेट बांधून बसलेले असतात, त्यामुळे होलशी त्यांचं एक्स्चेंज उरत नाही आणि ती रेषा सरळ राहायला हवी. ती हलली तर दोष तुमच्या मांडणीत आहे. बायएक्सायटॉनची, म्हणजे एकाच डॉटमधल्या दोन जोड्यांची, रेषा मात्र एक्सायटॉनच्या बरोबर उलट हलते. म्हणून दोन्हींच्या ऊर्जेतला फरकच कोनाविरुद्ध काढा. सरकणं दोन्हीकडे सारखं असल्याने कटतं आणि लहर फुटीच्या दुप्पट उंचीची मिळते.

ही फूट पडते ती दीर्घपल्ल्याच्या एक्स्चेंजमुळे, डॉट लांबट असल्याने, त्यातला ताण असमान असल्याने. गुंतलेले (एंटँगल्ड) फोटॉन हवे असतील तर ती १ मायक्रो-ईव्हीच्या आसपास आणावी लागते. ४ मायक्रो-ईव्ही फुटीला दोन फोटॉनांची अवस्था दर नॅनोसेकंदाला एक फेरी घेते, ४० ला ०.१ नॅनोसेकंदात. साध्या सिलिकॉन डिटेक्टरची कालअनिश्चितता ०.३५ नॅनोसेकंद असेल, तर ४० मायक्रो-ईव्ही फुटीच्या डॉटमधलं गुंतणं मोजणीत पुसलं जाणार. पिझो लावून ताण देणं, विद्युतक्षेत्र लावणं किंवा १११ पृष्ठावर डॉट वाढवणं हे रुळलेले उपाय आहेत. फक्त तापवून फूट कमी करण्याच्या फंदात पडू नका. रेषेची ऊर्जाही सोबत सरकते.

प्रश्न : ओएलईडीसाठीच्या (सेंद्रिय रेणूंच्या प्रकाशदिव्यांसाठीच्या) रेणूचं सिंगलेट-ट्रिप्लेट अंतर टीडी-डीएफटी या संगणकीय पद्धतीने काढलं, ते ऋण आलं. शोध लागला म्हणायचा का?
(पदव्युत्तर प्रकल्प, शिवाजीनगर)

इतक्यात नाही. ‘के’ हा संक्रमण-घनतेचा स्वतःशीच असलेला कूलॉम्ब समाकल आहे, तो ऋण होऊच शकत नाही. हेप्टाझिनच्या कुळातल्या काही रेणूंत क्रम खरोखर उलटतो, पण तो दुहेरी उत्तेजनांमुळे, आणि नेहमीच्या टीडी-डीएफटीत ती नसतात. तिथे एडीसी-२ किंवा सीसी-२ या पद्धती लागतात. तुमच्या बाबतीत बहुधा सिंगलेट त्याच्या स्वतःच्या शिथिल आकृतीवर आणि ट्रिप्लेट मूळ आकृतीवर काढला गेला आहे. दोन्ही एकाच आकृतीवर काढा, किंवा दोन्ही आपापल्या शिथिल आकृतीवर. टॅम-डँकॉफ सन्निकटन चालू ठेवा, नाहीतर ट्रिप्लेट अवाजवी खाली जातो. बी३एलवायपी या नेहमीच्या फंक्शनलने विद्युतभार-स्थलांतराच्या अवस्था खूप खाली येतात, त्यासाठी पल्ल्यानुसार विभागलेलं फंक्शनल घ्या. आणि ट्रिप्लेट कोणत्या कक्षकांतला आहे ते जरूर पाहा. तो एकाच तुकड्यावर बसलेला असेल, तर अंतराचा होमो-लुमोच्या (सर्वांत वरचा भरलेला आणि सर्वांत खालचा रिकामा कक्षक) ‘के’शी संबंध राहत नाही. तुलनेसाठी : २०१२ मध्ये जपानी संशोधक चिहाया अदाची यांच्या गटाने दिलेल्या कार्बाझोल-डायसायनोबेंझीनच्या गाजलेल्या रेणूत हे अंतर ८३ मिली-ईव्ही आहे.

प्रश्न : टिळक रोडवर टीव्ही बघायला गेलो होतो. क्यूएलईडी घेतला तर डार्क एक्सायटॉनमुळे प्रकाश वाया जातो का?
(नवी पेठ)

नाही. बाजारातल्या बहुतेक क्यूएलईडीत डॉट म्हणजे निळ्या बॅकलाइटसमोरची रंग बदलणारी फिल्म असते. खोलीच्या तापमानाला उष्णतेची ऊर्जा २६ मिली-ईव्ही आणि डार्क-ब्राइट अंतर काही मिली-ईव्ही, त्यामुळे डार्कमधून जोडी सहज वर येते. ओएलईडीत प्रश्न खरा आहे. विजेने बनलेल्या जोड्यांपैकी २५ टक्के सिंगलेट, ७५ टक्के ट्रिप्लेट, आणि अंतर उष्णतेच्या आवाक्याबाहेर. लाल-हिरव्यासाठी इरिडियमची संयुगं वापरून ट्रिप्लेटमधूनच प्रकाश काढतात. निळ्यात ते टिकाऊ करणं अवघड गेलं, म्हणून तिथे फार काळ साध्या फ्लुओरेसंट रेणूंवरच भागवावं लागलं. पण टीव्ही निवडताना हे डोक्यात घेऊ नका. दिवाणखान्यात दिवसा ऊन येत असेल तर क्यूएलईडी, रात्री अंधारात सिनेमे बघत असाल तर ओएलईडी.